पडीक नावांचा महसूल

बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद, देगलूर या तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या मुलखात ज्याच्या घरी चार-दोन एकर काळी जमीन आहे, त्याला पडीक शिवाराचा व्यवहार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जमीन पेरली नाही तरी ती सातबाऱ्यावर कायम राहते, आणि तिच्यात आपोआप उगवलेले गवत कोणी कापून नेले तर त्याबद्दल चार पैसे मागण्याचा हक्कही खातेदाराकडेच राहतो. इंटरनेटवरील एखादे डोमेन नाव आपल्या नावे नोंदवून, त्यावर स्वतःचे संकेतस्थळ न उभारता, ते जाहिरातींच्या हवाली करून ठेवणे आणि तेथे चुकून वा जाणून येणाऱ्या माणसांच्या क्लिकांमधून उत्पन्न घेणे, ज्याला या धंद्यातली मंडळी डोमेन पार्किंग म्हणतात, ते प्रथमदर्शनी या गवताच्या उत्पन्नासारखेच दिसते. आणि म्हणूनच, पदवी हाती असून नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या आपल्या भागातील अनेक तरुणांना मोबाइलवरील चित्रफितींतून या उत्पन्नाचे जे आश्वासन दिले जाते, ते सहज पटते. या धंद्यात उत्पन्न आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. परंतु ते कोणाला मिळते, कशामुळे मिळते आणि अलीकडे ते का आटत चालले आहे, हे नीट समजून घेतल्यावाचून पहिल्या नावाचीही फी कोणी भरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत आधी हक्काचे स्वरूप ध्यानात घ्यावे. डोमेन नावाची मालकी कोणालाही मिळत नसते. मिळतो तो एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीचा कौल, जो दर मुदतीला फी भरून पुन्हा करून घ्यावा लागतो आणि न घेतल्यास आपोआप संपुष्टात येतो. आपल्या देशाच्या .इन या शेवटाची सर्व नावे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या 2003 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या दप्तरी नोंदली जातात. 2005 साली ही नोंदणी सर्वसामान्यांना खुली झाली. .कॉम, .नेट यांसारख्या शेवटांची जागतिक व्यवस्था 1998 साली स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार चालते. आपण ज्या कंपनीकडे पैसे भरतो ती रजिस्ट्रार, म्हणजे या दप्तरांची अधिकृत मुखत्यार. तिच्याकडे आपले खरे नाव, पत्ता, मोबाइल आणि ईमेल नोंदवणे हे नियमांच्या दृष्टीने आवश्यक तर आहेच, पण आपल्या हिताच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण पुढे वाद उत्पन्न झाला तर ही नोंदच आपला पुरावा असते.

पार्किंगची क्रिया स्वतः अगदी अल्प श्रमाची आहे. रजिस्ट्रारच्या खात्यात प्रवेश केल्यावर प्रत्येक नावापुढे नेमसर्व्हर या सदराखाली दोन ओळी दिसतात. त्या दोन ओळी पुसून तेथे पार्किंग कंपनीने दिलेल्या दोन ओळी लिहावयाच्या, बदल जतन करावयाचा आणि वाट पाहावयाची. काही तासांत, फार तर दोन दिवसांत, ते नाव टंकणाऱ्या प्रत्येकासमोर त्या कंपनीने तयार केलेले पान उघडू लागते. त्या पानावर बहुधा 'संबंधित शोध' अशा मथळ्याखाली सहा-आठ दुवे असतात. पाहुण्याने त्यांपैकी एकावर बोट ठेवले की पुढच्या पानावर जाहिराती येतात, आणि त्यांतील एखादी त्याने उघडली तरच जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे निघतात, ज्यांचा एक वाटा जाहिराती पुरवणाऱ्या शोधयंत्राला, एक पार्किंग कंपनीला आणि उरलेला नावाच्या धारकाला मिळतो. म्हणजे नुसते कोणी येऊन गेले तर काहीच मिळत नाही, आणि एकदा दुवा दाबून कोणी परत फिरले तरीही बहुधा काही मिळत नाही. नवशिक्याच्या लक्षात ही गोष्ट पहिल्या महिन्याचा हिशेब पाहीपर्यंत येत नाही.

या धंद्याचे सुगीचे दिवस एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात होते. त्या काळी शोधयंत्राकडे न जाता ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत थेट एखादा सामान्य शब्द टंकून पुढे .कॉम लावण्याची सवय पाश्चात्य देशांत लक्षावधी लोकांना होती, आणि अशा सामान्य शब्दांची नावे ज्यांनी आधीच अडवून ठेवली होती त्यांच्या दारी विनासायास गर्दी होत असे. मार्चेक्स या अमेरिकी कंपनीने 2004-05 साली एकाच धारकाच्या एक लाखाहून अधिक नावांचा साठा सुमारे 16 कोटी 40 लाख डॉलरना खरेदी केला, यावरून त्या काळच्या उत्पन्नाचा अंदाज यावा. आपल्या महाराष्ट्रातही या धंद्याचे एक ठळक उदाहरण आहे. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी 1998 साली, वय विशीच्या आत असताना, वडिलांकडून 25 हजार रुपये उसने घेऊन डायरेक्टी ही कंपनी काढली. तिच्या छत्राखाली डोमेन नोंदणीचा व्यवसाय वाढला, आणि स्केन्झो या नावाने पार्क केलेल्या नावांवरील वर्दळीचे जाहिरातींत रूपांतर करणारी शाखाही उभी राहिली. पुढे दिव्यांक तुरखिया यांनी उभारलेली मीडिया.नेट ही जाहिरात कंपनी 2016 साली चिनी गुंतवणूकदारांच्या समूहाला सुमारे 90 कोटी डॉलरना विकली गेली. हे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण चित्रफितींत तुरखियांचे यश दाखवून श्रोत्यांना दहा नावे घेण्याचा सल्ला दिला जातो. वास्तविक ते यश दहा किंवा शंभर नावे पार्क करून मिळालेले नव्हते, तर हजारो धारकांची नावे आणि हजारो जाहिरातदार यांच्यामध्ये यंत्रणा उभी करून मिळालेले होते. धारकाचे उत्पन्न आणि मध्यस्थाचे उत्पन्न यांची गल्लत केली की सगळा हिशेब चुकतो.

आता तो हिशेबच मांडून पाहू. समजा, एका नावाची वार्षिक फी करांसह एक हजार रुपये आहे, त्या नावावर दिवसाला एक खरा पाहुणा येतो, दहा पाहुण्यांत एक जण जाहिरात उघडतो आणि धारकाच्या वाट्याला दर उघडणीमागे चार रुपये येतात. महिन्याला तीस पाहुणे, तीन उघडण्या, बारा रुपये. वर्षाअखेर 144 रुपये. केवळ फी भरून निघण्यासाठी या गतीने दिवसाला सात पाहुणे लागतात, आणि नव्याने सुचलेल्या, पूर्वी कधीही संकेतस्थळ नसलेल्या नावावर दिवसाला सात खरी माणसे येण्याचे कोणतेही कारण नसते. भारतातील जाहिरातींचे दर अमेरिकेतील दरांच्या मानाने पुष्कळ कमी असल्यामुळे चार रुपयांचे गृहीतकही कित्येकदा उदार ठरते. यावर काही लोक व्हॉट्सॲपच्या गटांत परस्परांच्या जाहिराती उघडण्याचा उपाय सांगतात; तो उपाय निव्वळ लबाडीचा आहे, जाहिरातदाराची ती फसवणूक आहे, आणि कंपन्यांची यंत्रणा अशा उघडण्या ओळखून खाते कायमचे बंद करते व साठलेली रक्कमही रोखते.

शिवाय गेल्या काही वर्षांत या शिवारातले पाणीच खाली गेले आहे. ब्राउझरच्या पत्त्याची पट्टी आणि शोधाची पट्टी एकच झाल्यामुळे थेट नाव टंकणारे कमी झाले. मोबाइलवर तर ते जवळजवळ नाहीतच. शोधयंत्रे पार्क केलेली पाने आपल्या निकालांत सहसा दाखवीत नाहीत. गुगलने छोट्या धारकांसाठी स्वतः चालवलेली पार्किंगची सेवा 2012 सालीच बंद केली, आणि 2024-25 मध्ये तर आपल्या जाहिरातदारांना पार्क केलेल्या नावांच्या जागेतून आपण होऊन वगळण्याचे धोरण स्वीकारले, ज्यामुळे या पानांवर बोली लावणाऱ्यांची संख्या रोडावली. जाहिराती कमी झाल्या की काही कंपन्या पाहुण्याला न विचारता परस्पर भलत्याच ठिकाणी पाठवून देतात, आणि तेथे कधी खोटी बक्षिसे, कधी घातक ॲप, कधी बँकेच्या नावाने फसवणूक असते. आपल्या नावाच्या दारातून गावचा एखादा वृद्ध शेतकरी अशा सापळ्यात जाणार असेल तर ते उत्पन्न आपल्याला नको, हे प्रत्येकाने मनाशी ठरवावे. पार्किंगची कंपनी निवडताना अशा परस्पर पाठवणीचा पर्याय बंद करता येतो का, हे पाहावे, आणि येत नसेल तर ती कंपनी सोडावी.

मग या विषयात आपल्या भागातल्या माणसाने काही करूच नये काय? करावे, पण पार्किंगला मुक्कामाचे ठिकाण न मानता वाटेतला थांबा मानावे, आणि नाव निवडतानाच त्या नावाचा उद्या कोणाला तरी खरा उपयोग होईल असे नाव निवडावे. धर्माबादची मिरची, लातूरची डाळ, मांजरा खोऱ्यातील सोयाबीन व हळद, देगलूर-उदगीरकडचा सीमावर्ती व्यापार, नांदेडला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी निवास आणि वाहन, अशा विषयांत गावाचे नाव व मालाचे वा सेवेचे सामान्य नाव जोडून होणारी कितीतरी सुबोध नावे असू शकतात, ज्यांवर कोणा एकाचा एकाधिकार नसतो. येथे रोमन लिपीतील लेखनाचा विचार अवश्य करावा: देगलूर दोन प्रकारे लिहिले जाते, नायगावही दोन प्रकारे, आणि ज्या रूपात सरकारी फलक ते लिहितात त्या रूपाचे नाव अधिक उपयोगाचे ठरते. देवनागरीतील .भारत हा शेवट ऑगस्ट 2014 मध्ये खुला झाला व मराठीही त्यात आरंभापासून आहे. मराठी नावे आपल्याला अभिमानाची आहेत, पण थेट टंकून येणारी वर्दळ त्यांच्यावर आज फारच थोडी आहे. ती घ्यावीत ती उत्पन्नासाठी नव्हे, तर जेथे आपण खरोखर मराठी मजकूर देणार आहोत तेथे.

यापुढचा भाग मी विस्ताराने लिहितो, कारण उत्पन्न न मिळाल्याचे नुकसान हजार रुपयांचे असते, परंतु दुसऱ्याच्या नावात हात घातल्याचे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे. 1999 साली मुंबई उच्च न्यायालयासमोर रेडिफ कम्युनिकेशनचा दावा आला. प्रतिवादींनी रेडिफ या नावातील एक रोमन अक्षर बदलून त्याच उच्चाराच्या आसपासचे डोमेन नाव घेतले होते, आणि न्यायालयाने डोमेन नाव हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, या भूमिकेतून मनाई हुकूम दिला. 2004 साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, डोमेन नावांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नसला तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा व्यापारचिन्हविषयक कायदा त्यांना लागू होतो, असा निर्वाळा दिला. त्यामुळे चिन्हाची सरकारी नोंदणी झालेली नसली, पण लोकांत त्या नावाची ओळख व पत प्रस्थापित असली, तरी ते नाव दुसऱ्याचेच समजावे. आपल्याच बिलोली तालुक्यात सगरोळीला 1959 पासून काम करीत असलेल्या संस्कृती संवर्धन मंडळासारख्या संस्थेचे नाव मोकळे दिसले म्हणून घेऊन ठेवणे आणि मग संस्थेकडे रक्कम मागणे, हे नीतीला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही. .इनच्या नावांसाठी निक्सीचे स्वतंत्र वादनिवारण धोरण आहे. त्यात लवाद नेमला जातो, आणि मूळ हक्कदाराला अवाच्या सवा किमतीला विकण्यासाठी किंवा त्याच्या नावाच्या साधर्म्याने ग्राहक खेचण्यासाठी नाव घेतले, असे सिद्ध झाले तर नाव तक्रारदाराच्या खाती जमा होऊ शकते. पार्क केलेल्या पानावर त्याच कंपनीच्या स्पर्धकांच्या जाहिराती दिसत असतील तर तो धारकाविरुद्धचा ठळक पुरावा ठरतो, आणि त्या जाहिराती पार्किंग कंपनीने आपोआप लावल्या ही सबब सहसा चालत नाही.

अशा नावाचे अलीकडचे गाजलेले उदाहरण पाहावे. 2023 मध्ये जिओ आणि हॉटस्टार या सेवा एकत्र येतील या अदमासाने दिल्लीच्या एका तरुणाने त्या दोन्ही नावांचे जोडनाव घेऊन ठेवले, आणि 2024 साली केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च जिओच्या मालक कंपनीने द्यावा अशी जाहीर विनंती केली. त्याच्याच निवेदनानुसार कंपनीने ती नाकारून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि त्या तरुणाने ते नाव अखेर दुसऱ्यांच्या हवाली केले. बुद्धिमान मुलाचा तो प्रयत्न अनेकांना कौतुकाचा वाटला. पण तो कित्ता गिरवण्याजोगा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच न्यायाने सरकारी वाटणारी नावेही वर्ज्य समजावीत. तहसील, जिल्हाधिकारी, महसूल असे शब्द तालुक्याच्या नावाला जोडून घेतलेले नाव लोकांना फसवते, आणि 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोली चिंच, कास्ती कोथिंबीर यांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशा नावांवर तेथील उत्पादकांचा हक्क आधी, तेव्हा ती घ्यावयाचीच असतील तर त्या उत्पादकांच्या गटाशी बोलून, त्यांच्यासाठी घ्यावीत.

निर्दोष आणि उपयोगी नाव हाती आल्यावर ते कोऱ्या जाहिरातींच्या पानापेक्षा एक-दोन पानांच्या खऱ्या मजकुरावर उभे करावे, हा माझा मुख्य सल्ला आहे. समजा, धर्माबादच्या मिरचीविषयीचे नाव आपल्याकडे आहे. मिरचीच्या जाती, तोडणीचा आणि आवकेचा हंगाम, वाळवण्याची रीत, बाजार समितीत लिलाव कसा होतो, ओलावा अधिक असल्यास दर का पडतो, ही माहिती स्वतः अडतदुकानी जाऊन, विचारपूस करून, स्वच्छ मराठीत आणि जमल्यास तेलुगूत लिहून ठेवली, तर शोधयंत्र ते पान दाखवू लागते, पाहुणे कारणाने येतात, आणि तेथे लावलेल्या जाहिरातींचे उत्पन्न पार्किंगपेक्षा अधिक व टिकाऊ असते. गुगलच्या ॲडसेन्सची रक्कम शंभर डॉलर साठल्यावर खात्यावर येते, हे मात्र ध्यानात ठेवून पहिल्या वर्षी तिच्यावर विसंबून कोणतीही उधारी करू नये. याहून चांगला मार्ग म्हणजे तेच नाव एखाद्या व्यापाऱ्याला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला मासिक भाड्याने देणे: नोंदणी आपल्या नावे, वापर त्यांचा, मुदत आणि भाडे मुद्रांकित करारात लिहिलेले, आणि ठरावीक हप्ते फिटल्यावर नाव त्यांच्या खाती वर्ग करण्याची अट असल्यास तीही स्पष्ट नमूद केलेली. महिन्याला तीनशे रुपये देणारा एक भाडेकरूही, वर मांडलेल्या हिशेबातील पंचवीस पार्क केलेल्या नावांची बरोबरी करतो.

नाव विकण्याचा योग आला तर सेडो, आफ्टरनिक यांसारख्या बाजारांत ते किंमत लावून ठेवता येते. रक्कम मोठी असेल तेव्हा पैसे आणि नाव दोन्ही तिऱ्हाइताच्या ताब्यात ठेवून व्यवहार पुरा करणारी एस्क्रो सेवा वापरावी. अनोळखी ग्राहकाने पाठवलेल्या पैसे भरल्याच्या छायाचित्रावर विसंबून हस्तांतराचा गुप्त संकेतांक कधीही देऊ नये, कारण तो संकेतांक देणे म्हणजे कब्जाच देणे होय. आपले नाव विकण्यापूर्वी त्याचे 'मूल्यांकन प्रमाणपत्र' घ्या म्हणून आगाऊ फी मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो.

उरली ती दप्तराची शिस्त. एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक नाव, रजिस्ट्रार, नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि नूतनीकरणाची फी लिहून ठेवावी, कारण पहिल्या वर्षाची सवलतीची फी आणि दुसऱ्या वर्षाची खरी फी यांत पुष्कळ अंतर असते आणि ते अंतर नाव घेण्यापूर्वी पाहिले पाहिजे. कार्डातून आपोआप पैसे कापले जातील या भरवशावर राहू नये: ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वसुलीचे नियम कडक झाल्यापासून परदेशी रजिस्ट्रारची अशी वसुली अनेकदा नामंजूर होते. .कॉम नावाची मुदत उलटल्यावर रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार काही दिवसांची सवलत मिळते, त्यानंतरच्या तीस दिवसांत भारी दंड भरूनच ते परत मिळते, आणि पुढचे पाच दिवस गेले की ते कोणालाही मोकळे होते. ज्या नावाने दोन वर्षांत ना पाहुणा दिला, ना भाडेकरू, ना विचारणा, ते मात्र जाणीवपूर्वक सोडून द्यावे; त्याच्यावर तिसरी फी भरू नये.

पार्किंग, जाहिरात, भाडे वा विक्री, कोणत्याही वाटेने आलेली रक्कम करपात्र उत्पन्नात दाखवावी लागते, आणि डॉलरमध्ये आलेल्या रकमेबद्दल बँकेकडून परकीय चलन जमा झाल्याचा दाखला मागून तो जपून ठेवावा. विक्री अधूनमधून होत असेल की नित्याचा व्यापार असेल यावरून कराचा प्रकार बदलतो, तेव्हा पहिली मोठी विक्री होताच बिलोलीत वा नांदेडला एखाद्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. डोमेन नावांना बँकेच्या ठेवीसारखी वारसनोंद नसते. धारकाच्या पश्चात ईमेल आणि रजिस्ट्रारचे खाते घरच्यांना उघडता आले नाही तर भाड्याने दिलेले नावही मुदत संपताच हातचे जाते. म्हणून नावांची यादी, रजिस्ट्रार, तेथे नोंदवलेला ईमेल, आणि खात्यात प्रवेश मिळवण्याची रीत एका बंद पाकिटात लिहून, जमिनीचे दस्तऐवज जेथे ठेवले आहेत तेथेच ठेवावी, आणि ते पाकीट कोठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे.